ऊसतोड मजुराचे कागद कोणी तपासायचे, आणि कशासाठी?

दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, गेवराई, परळी या तालुक्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरची वाट धरतो, कोणी साताऱ्याची, सोलापूरची. कोणी सीमा ओलांडून बेळगाव, बागलकोटपर्यंत जातो. पुढचे पाच-सहा महिने मुक्काम कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, आणि काम उसाच्या फडात. बीड जिल्ह्यासाठी ही पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट आहे. तरीही एक साधा प्रश्न कारखान्याच्या दारात कोणी विचारत नाही : या माणसाचे नाव नेमके कोणाच्या वहीत आहे?

कामावर घेताना कामगाराची तपासणी करणे जगभर मालकाचेच काम मानले जाते. अमेरिकेत 1986 च्या कायद्यापासून नव्या कामगाराची ओळख आणि काम करण्याचा अधिकार मालकाला तपासावा लागतो. इंग्लंडमध्येही तशीच सक्ती आहे. तिथे प्रश्न असतो तो बाहेरून आलेल्या माणसाला त्या देशात काम करता येते का, हा. बीडचा मजूर तर आपल्याच देशात कामाला जातो. त्याच्या अधिकाराबद्दल शंकाच नाही. म्हणून इथे तपासायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. हात कामाच्या वयाचे आहेत का? माणूस स्वतःच्या इच्छेने आला आहे का? त्याची मजुरी, त्याच्या अटी कागदावर आहेत का? ही तपासणी मजुराच्या रक्षणासाठी आहे आणि ती काम करवून घेणाऱ्याने करायची आहे. प्रत्यक्षात मात्र कागद मजुराकडे मागितले जातात आणि मालक स्वतःला काहीच विचारत नाही. या उलट्या व्यवहाराला जे गैरसमज आधार देतात, ते एकेक करून तपासू.

गैरसमज 1 : परराज्यात कामाला जायचे तर मजुरालाच परवानगी काढावी लागते.

वस्तुस्थिती : भारतीय नागरिकाला देशात कुठेही जाण्याचे, राहण्याचे आणि काम करण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या 19 व्या कलमाने दिले आहे. बेळगावच्या फडात कोयता चालवायला बीडच्या माणसाला कोणाचा दाखला लागत नाही.

नोंदणीची जबाबदारी असते ती नेणाऱ्यावर आणि काम करवून घेणाऱ्यावर. 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने परराज्यात मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराला परवाना घेणे आणि प्रत्येक मजुराला छायाचित्र असलेले पासबुक देणे बंधनकारक केले होते. कामाचे ठिकाण, कामाचा काळ, मजुरीचा दर, परतीचे भाडे, होणाऱ्या कपाती हे सगळे त्यात लिहायचे होते. बीडमधल्या किती घरांत असे पासबुक आले, हे ज्याने त्याने आपल्या पेटीत पाहावे.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 29 जुने कायदे त्यांत सामावले. 1979 चा कायदाही त्यांतलाच. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कामगाराला नियुक्तिपत्र देण्याची आणि परराज्यातून आलेल्या कामगाराला येण्याजाण्याचा प्रवासभत्ता देण्याची तरतूद आहे. मात्र एक फरक ध्यानात ठेवायला हवा. आंतरराज्य कामगारांसाठीच्या तरतुदी बागलकोटला जाणाऱ्याला लागू होतात, सांगलीला जाणाऱ्याला नाही, कारण त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नसते. पण बालमजुरी, वेठबिगारी आणि मजुरी यांविषयीचे कायदे दोघांनाही सारखेच लागू आहेत. सांगलीतल्या कारखान्याने केवळ जवळ आहोत म्हणून हात वर करण्याचे कारण नाही.

गैरसमज 2 : मजूर मुकादमाचे. कारखान्याचा त्यांच्याशी संबंध नाही.

वस्तुस्थिती : हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात सोयीचा गैरसमज. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार टोळी जमवणाऱ्या मुकादमाशी, मुकादम मजुराशी. करार म्हणजे कधी कागद, कधी नुसता शब्द. या साखळीच्या टोकाला पोहोचेपर्यंत जबाबदारी विरून जाते.

आता काम कसे चालते ते पाहा. कोणत्या शेतातला ऊस कोणत्या दिवशी तोडायचा, हे कारखान्याचा शेती विभाग ठरवतो. टोळी कोणत्या गटात जाणार, हे कारखान्याचा माणूस सांगतो. वजन कारखान्याच्या काट्यावर होते. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कारखानाच कापून घेतो. आणि तोडणीचा दर ठरतो तो कारखाना संघ आणि मजूर-मुकादम संघटना यांच्या करारात. जानेवारी 2024 मध्ये असाच करार होऊन तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. मजूर आपले नाहीत, तर त्यांच्या मजुरीच्या वाटाघाटीला कारखाने कोणत्या नात्याने बसतात?

कायद्यात याला ‘मुख्य मालक’ असा शब्द आहे. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याने आणि आता नव्या संहितेनेही स्पष्ट म्हटले आहे की, आस्थापनेच्या कामासाठी किंवा त्या कामाच्या संदर्भात कंत्राटदारामार्फत लावलेला माणूस कंत्राटी कामगार ठरतो. मुख्य मालकाला ते माहीत असो वा नसो. म्हणजे ‘टोळीत कोण कोण आहे, आम्हाला ठाऊक नव्हते’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही. कंत्राटदाराने मजुरी बुडवली, तर ती मुख्य मालकाने द्यायची आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायची, असा नियम आहे. ऊसतोडीला ही व्याख्या लागत नाही, काम शेतात होते, असा युक्तिवाद कारखान्यांकडून होत आला आहे. पण शेती विभागाच्या कार्यक्रमाशिवाय ज्या फडात कोयता पडत नाही, तो फड कारखान्याच्या कामाचा भाग नाही असे म्हणणे सरळ बुद्धीला पटत नाही.

गैरसमज 3 : आधार कार्ड पाहिले की वयाची तपासणी झाली.

वस्तुस्थिती : आधार हा ओळखीचा पुरावा आहे. वयाचा पक्का पुरावा म्हणून त्यावर विसंबता येत नाही. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असे ते देणाऱ्या प्राधिकरणानेच स्पष्ट केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये एका अपघात-भरपाईच्या खटल्यात वय ठरवताना आधारऐवजी शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला.

आपल्या भागात याचे महत्त्व फार आहे. शिबिरात आधार काढताना अंदाजाने सांगितलेली तारीख, 1 जानेवारी ही सर्रास टाकलेली जन्मतारीख आणि लग्नाच्या घाईत वाढवलेले वय, हे गावोगाव पाहायला मिळते. सोळा वर्षांची मुलगी कागदावर एकोणीसची होते आणि कोयत्याच्या जोडीत बसते. म्हणून वय तपासायचे तर शाळेचा दाखला किंवा ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला पाहिला पाहिजे. बीडच्या बहुतेक तरुणांनी चार-सहा इयत्ता तरी शाळा पाहिलेली असते. शाळेच्या रजिस्टरात त्यांची नोंद असते. ती मागवणे अवघड नाही.

गैरसमज 4 : पोरगं आईबापांसोबत आलंय, कामाला नाही.

वस्तुस्थिती : फडावर हे वाक्य रोज ऐकू येते. 1986 चा बालकामगार कायदा 2016 मध्ये सुधारला गेला आणि 14 वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामाला लावणे बेकायदा ठरले. शाळेची वेळ सोडून घरच्या उद्योगात हातभार लावण्याची एक सवलत त्यात आहे. पण कारखान्यासाठी तोडला जाणारा परक्याचा ऊस हा कोणाच्याही घरचा उद्योग नाही. वाढे गोळा करणारी, मोळ्या बांधणारी, बांधाबांधाने पाणी पोहोचवणारी आठ-दहा वर्षांची मुले कामच करत असतात. त्यांचे नाव टोळीच्या यादीत नाही, एवढाच फरक.

14 ते 18 वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामावर लावता येत नाही. इतर कामांवर लावायचे तर त्यांची जन्मतारीख, कामाचे तास आणि कामाचे स्वरूप लिहिलेली नोंदवही मालकाने ठेवायची असते. संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत त्यांच्याकडून काम घेता येत नाही. ज्या धंद्यात फड अंधार असतानाच सुरू होतो आणि गाडी रात्री भरावी लागते, तिथे हा एक नियम पाळायचा म्हटला तरी सतरा वर्षांचे पोर टोळीत बसवता येणार नाही. 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा 20 हजार ते 50 हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

मुलांना मागे ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. 2021 मध्ये राज्य सरकारने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही मंजूर केली. पण वसतिगृह वेळेवर उघडले नाही, तर आईबाप मूल कोणाच्या भरवशावर ठेवणार? तोड दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि वसतिगृहाचा आदेश नंतर निघतो, असे होता कामा नये. आणि वसतिगृह नव्हते, म्हणून मूल कामाला लावले, हा कारखान्याचा बचाव ठरत नाही.

गैरसमज 5 : कोयता म्हणजे नवरा-बायको. एकाचे नाव लिहिले की झाले.

वस्तुस्थिती : ऊसतोडीच्या हिशोबात जोडपे म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. कायद्याच्या हिशोबात असे काही नाही. कामगार ही एक व्यक्ती आहे. बाई ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, मग कोपीवर जाऊन स्वयंपाक करते. तरी उचलीच्या, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेच्या, कागदावर अंगठा नवऱ्याचा, बिल मुकादमाच्या हातात, आणि तिचे नाव कुठेच नाही. समान कामाला समान मजुरीचे तत्त्व 1976 पासून कायद्यात आहे आणि 2019 च्या वेतन संहितेतही कायम आहे. नावच नसेल, तर ते तत्त्व लावायचे कोणाला?

या नसलेल्या नावाची किंमत बीडने मोजली आहे. 2019 मध्ये जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 महिलांची गर्भपिशवी काढलेली आढळली. यामागची कारणे एकाहून अधिक आहेत, पण खाडा हे त्यांतले एक मोठे कारण. पाळीच्या दुखण्यात दिवस बुडाला तर दंड, हे ज्या कामाचे गणित, तिथे बाईला शरीराशी असा व्यवहार करणे भाग पडते.

आणि तो खाडा कायद्यात बसत नाही. वेतनाच्या कायद्यानुसार गैरहजेरीबद्दल कापायची रक्कम त्या गैरहजेरीच्या काळातल्या मजुरीपेक्षा जास्त असू शकत नाही. दिवसाच्या कमाईहून मोठा खाडा लावणे म्हणजे सरळ लूट आहे.

जोडीच्या या हिशोबाचा दुसरा परिणाम लग्नाच्या वयावर होतो. जोडपे झाले की पूर्ण कोयता, पूर्ण कोयता झाला की पूर्ण उचल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयोगटातल्या 43.7 टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षांपूर्वी झालेली आढळली. राज्याचे प्रमाण 21.9 टक्के होते. मुलीला शाळेसाठी गावात मागे ठेवणे किती असुरक्षित, स्थलांतर किती लांबचे, ही कारणेही आहेतच. पण ज्या दिवशी कारखाना प्रत्येक कोयत्यातल्या दोघांचेही शाळेचे दाखले मागेल आणि अठराखालची जोडी परत पाठवेल, त्या दिवशी त्या लग्नामागचा एक मोठा हिशोब मोडेल.

गैरसमज 6 : उचल घेतली, अंगठा दिला. आता ती फिटेपर्यंत हलता येत नाही.

वस्तुस्थिती : आगाऊ रक्कम देणे हा गुन्हा नाही. त्या रकमेच्या जोरावर माणसाला अडकवून ठेवणे हा गुन्हा आहे. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा 1976 चा, पण तो 25 ऑक्टोबर 1975 पासून लागू मानला जातो. त्याने वेठबिगारीचे कर्जच रद्द ठरवले. एखादे कर्ज वेठबिगारीचे आहे असे मजूर म्हणाला, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर्ज देणाऱ्यावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये एशियाड बांधकामांवरच्या मजुरांच्या प्रकरणात सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हेसुद्धा घटनेच्या 23 व्या कलमाने मनाई केलेले सक्तीचे श्रम आहे.

मागच्या हंगामाची बाकी पुढच्या हंगामावर, बापाची बाकी मुलावर, आजारी पडलेल्या भावाची बाकी वहिनीवर, असे चालत आले आहे. मुकादमाने वाहतूकदाराचे पैसे बुडवले, तर मजुरालाच कोंडून ठेवल्याच्या तक्रारीही येतात. हे सगळे गुन्हे आहेत. वेतन संहितेनुसार कोणत्याही मजुरीच्या मुदतीत एकूण कपात निम्म्याहून अधिक करता येत नाही. म्हणजे उचल कितीही मोठी असो, मजुराच्या हातात निम्मी मजुरी पडलीच पाहिजे. कारखान्याने टोळी उतरवून घेताना विचारायचा प्रश्न हाच आहे : तू किती उचल घेतलीस, आणि तुला परत जायचे असेल तर तू जाऊ शकतोस का? हे मुकादमाच्या गैरहजेरीत, प्रत्येकाला वेगळे विचारले पाहिजे. अडचणीत असलेल्या मजुराने जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे दाद मागावी. प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात वेठबिगारीविरुद्ध दक्षता समिती असणे कायद्याने आवश्यक आहे.

गैरसमज 7 : कागद मुकादमाकडे ठेवले की सुरक्षित राहतात.

वस्तुस्थिती : तपासणे आणि ताब्यात ठेवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक, एटीएम कार्ड अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला किंवा मुकादमाला नाही. कागद पाहावा, नक्कल ठेवावी, मूळ प्रत त्याच वेळी परत द्यावी. आखाती देशांत पासपोर्ट काढून घेतलेल्या कामगारांच्या व्यथा आपण वाचतो. रेशनकार्ड काढून घेतलेल्या मजुराची गोष्ट त्याहून वेगळी नाही. आता ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे बीडच्या कार्डावर सांगलीत किंवा बेळगावात धान्य उचलता येते. कार्ड मुकादमाच्या पेटीत असेल, तर तो हक्क पेटीतच राहतो.

गैरसमज 8 : ग्रामसेवकाने ओळखपत्र दिले, नोंदणी झाली. आता मालकाने काही करायचे उरले नाही.

वस्तुस्थिती : लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे राहिले, त्याला उसाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी 10 रुपये आणि तितकेच सरकारने द्यायचे ठरले. 2021 पासून ग्रामसेवकांमार्फत मजुरांचे सर्वेक्षण आणि ओळखपत्रे सुरू झाली. ही कामे महत्त्वाची आहेत. पण ओळखपत्र सांगते की हा माणूस ऊसतोड कामगार आहे. तो यंदा कोणत्या कारखान्याकडे, कोणत्या टोळीत, काय दराने काम करतो, हे ते सांगत नाही. ते मालकाच्या नोंदवहीनेच सांगायचे असते.

फरक कळतो तो अपघाताच्या दिवशी. ट्रॅक्टर-ट्रॉली उलटते, विहिरीत कोणी पडते, पाचटात साप चावतो. त्या वेळी भरपाई मागायला गेलेल्या विधवेला पहिला प्रश्न विचारला जातो : तुमचा नवरा इथे कामाला होता याचा पुरावा काय? कारखान्याच्या वहीत नाव असते, तर तो प्रश्नच उरला नसता. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये ऊसतोड कामगारांच्या परिस्थितीची स्वतःहून दखल घेऊन जनहित याचिका सुरू केली. इतक्या वर्षांनी न्यायालयाला स्वतःहून लक्ष घालावे लागते, हेच सांगते की गावातली नोंद पुरेशी नव्हती.

गैरसमज 9 : एवढी तपासणी करायची म्हटली तर कारखाना चालणार नाही.

वस्तुस्थिती : कारखान्यांची आणि वाहतूकदारांची बाजूही ऐकली पाहिजे. लाखोंची उचल घेऊन मुकादम पळतात, एकच टोळी दोन-तीन ठिकाणी विकली जाते, कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला वाहतूकदार देशोधडीला लागतो. ही फसवणूक खरी आहे. पण ती होते कशामुळे? मजुरांची नावे कोणाकडेच नसतात, म्हणून. यादी मुकादमाच्या डोक्यात, पैसे मुकादमाच्या खिशात. प्रत्येक मजुराची नावनिशी नोंद झाली, उचल थेट त्याच्या आणि तिच्या बँक खात्यात गेली, तर एकच माणूस दोन कारखान्यांना विकता येणार नाही. मजुराला वाचवणारी वही मालकालाही वाचवते.

काम अशक्यही नाही. टोळ्यांचे करार पावसाळ्यात होतात आणि गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होते. मध्ये महिने असतात. त्या काळात प्रत्येक टोळीची यादी मागवावी. यादीत पुरुषाइतकेच बाईचेही नाव असावे. वयासाठी शाळेचा किंवा जन्माचा दाखला पाहावा. उचलीचा आकडा, दर, कपाती आणि परतीची सोय मराठीत लिहून प्रत्येकाला प्रत द्यावी. सोबत येणाऱ्या मुलांची वेगळी यादी करून ती गावच्या आणि कारखान्याजवळच्या, अशा दोन्ही शाळांना कळवावी. जो कारखाना उसाचे वजन किलोपर्यंत मोजतो, ज्याच्याकडे प्रत्येक सभासदाच्या प्रत्येक गटाची लागवडीची तारीख असते, त्याला तोडणाऱ्या माणसाचे नाव आणि वय लिहिता येत नाही, हे कोणी मानायचे?

मजुरानेही टोळीत नाव देण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात : हिशोबाची लेखी प्रत, स्वतःच्या खात्यात पैसे आणि आपले मूळ कागद आपल्याच हातात. पण न मागितल्याचा दोष त्याच्यावर टाकता येणार नाही. दारिद्र्याने वाकलेला माणूस अट घालत नसतो. म्हणून तर कायद्याने ही जबाबदारी ज्याच्याकडे ताकद आहे, त्याच्यावर टाकली आहे. साखर आयुक्तांनी गाळप परवाना देताना कारखान्याकडून इतर कागदांबरोबर तोडणी मजुरांची वयासह पडताळलेली यादीही मागावी, आणि ती नसेल तर बॉयलर पेटू देऊ नये. बीडच्या मजुराला दया नको आहे. कायद्याने जे मालकाचे काम ठरवले आहे, ते मालकाने करावे, एवढेच त्याचे मागणे आहे.